ग्रीक शोकनाट्याचा नायक व मराठी रंगभूमी

नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर मागे टाकले आणि डोंगरांतून वाट काढीत पुढे गेले म्हणजे हरसूल लागते. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर अशा लोकांच्या वस्तीचा हा मुलूख. होळी सरली, शेतीची कामे थंडावली आणि दिवस तापू लागले, की या बाजूच्या गावांतून, तसेच शेजारच्या मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात, बोहाड्याचे दिवस येतात. संबळ आणि पिपाणी यांच्या नादावर, मशालींच्या उजेडात, देवांची आणि दैत्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. प्रत्येक सोंगाचा मुखवटा ठरलेला. पूर्वी तो लाकडात कोरीत, पुढे कागदाच्या लगद्याचेही मुखवटे होऊ लागले. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे हेही पुष्कळ ठिकाणी पिढीजात ठरलेले असते. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते. अखेरीस देवीचे व महिषासुराचे युद्ध होऊन असुर पडतो, आणि तो पडला म्हणजे सारा गाव आनंदतो. महिषासुरासाठी कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही, आणि तशी अपेक्षा करणेही वेडेपणाचे होईल. असुर मरावयाचाच असतो. त्याकरिताच तर तो आलेला असतो.

असाच एक वसंतातला उत्सव सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात अथेन्स नगरीत भरत असे. तोही देवाचाच, डायोनिसस नावाच्या मद्याच्या देवाचा. तेथेही मुखवटे होते, वाद्ये होती, नाच होता आणि टेकडीच्या उतारावर बसलेला गावच्या गाव होता. खेळ मात्र दिवसाउजेडी होत. इ. स. पूर्व ४७२ मध्ये या उत्सवात एस्किलस नावाच्या कवीने ‘पर्शियन’ हे नाटक केले. त्याच्या आठच वर्षे आधी इराणचा बादशहा झर्क्सीस याने अथेन्स जाळले होते, आणि त्याच वर्षी सॅलमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने बादशहाच्या आरमाराची दाणादाण उडविली होती. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या रणात इराण्यांशी लढलेला. प्रेक्षकांतही सॅलमिसला वल्ही मारलेले पुष्कळ असणार. अशा लोकांपुढे विजयाचा पोवाडा गाण्याचे सोडून या कवीने आपली रंगभूमी थेट शत्रूच्या राजधानीत नेली. वृद्ध राजमाता दुःस्वप्नाने व्याकूळ झाली आहे. जासूद धावत येऊन सर्वनाशाची वार्ता सांगतो. मृत बादशहा दरायस याचे भूत थडग्यातून उठून मुलाच्या उद्दामपणाबद्दल कष्टी होते. आणि शेवटी फाटक्या वस्त्रांनी झर्क्सीस स्वतः येऊन आक्रोश करतो. त्या वर्षी या नाटकाच्या खर्चाचा भार पेरिक्लीस नावाच्या एका तरुणाने उचलला होता. पुढे अथेन्सचा अग्रगण्य मुत्सद्दी झाला तो हाच. नाटकास पहिले पारितोषिक मिळाले.

ज्याने आपले घर जाळले त्याच्या दुःखाने आपले काळीज हलावे, हे कसे घडले? हा प्रश्न ज्याला पडला त्याला शोकनाट्याच्या नायकाचे निम्मे मर्म सापडले असे म्हणावयास हरकत नाही.

या नाटकापूर्वी सुमारे वीस वर्षांची एक हकीगत हिरोडोटस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मिलेटस हे ग्रीकांचे संपन्न शहर इराण्यांनी इ. स. पूर्व ४९४ मध्ये उद्ध्वस्त केले. फ्रिनिकस नावाच्या कवीने लगोलग त्यावर नाटक रचले. प्रयोग चालू असता सारे प्रेक्षागृह रडू लागले. आजचा नाटकवाला असता तर याला यश म्हणाला असता. अथेन्सकरांनी कवीला एक हजार द्राख्मांचा दंड ठोठावला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असा हुकूम काढला; कारण त्याने लोकांना त्यांच्या स्वतःच्याच दुःखाची आठवण करून दिली होती. नाटक आज उपलब्ध नाही, तेव्हा त्याच्या गुणदोषांचा न्याय करता येत नाही. तथापि रडू आले म्हणजे शोकनाट्य झाले असे त्या लोकांना वाटत नव्हते, एवढे तरी या दंडावरून उघड होते. लुटल्या गेलेल्या शहराचे दुःख खरेच असते. पण त्या दुःखात ज्यांचा बळी गेला त्यांनी स्वतः काही केलेले नसते. झर्क्सीसने केले होते.

आपल्याकडे या प्रकाराला ‘शोकपर्यवसायी’ किंवा ‘शोकान्त’ असे नाव पडले, आणि त्या नावाने जरासा घोटाळाही केला. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘बोकडाचे गाणे’ असा आहे. त्याची उपपत्ती पंडितांनी नाना प्रकारे लाविली आहे, तिच्यात शिरण्याचे येथे कारण नाही. मुद्दा असा, की त्या शब्दात शेवटाविषयी काहीच सांगितलेले नाही. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी खून, सूड आणि मातृहत्या यांतून जाऊन अखेर न्यायसभेत आणि समेटात संपते. सॉफोक्लीसच्या ‘फिलॉक्टेटीस’ नाटकात कोणी मरत नाही. तरीही ग्रीकांनी या सर्वांस एकच नाव दिले. आपण शेवटाला नाव दिले, म्हणून आपले लक्ष शेवटाकडे लागले. आणि आज तर पूल खचला वा होडी बुडाली तरी वर्तमानपत्रांचे मथळे त्याला शोकान्तिका म्हणून मोकळे होतात. पूल खचणे ही आपत्ती आहे. तिच्यात नायक नाही.

नायक कसा असतो याचा सर्वांत स्वच्छ नमुना सॉफोक्लीसच्या ईडिपसमध्ये पाहावयास मिळतो. हे नाटक नेमके कोणत्या साली झाले ते ठरलेले नाही. परंतु त्याच्या आरंभी थीब्ज नगरात पसरलेल्या रोगराईचे जे चित्र आहे ते पाहून, इ. स. पूर्व ४३० च्या अथेन्समधील भयंकर साथीनंतरचे ते असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कथा प्रसिद्धच आहे. हा मुलगा बापाला मारील असे भाकीत झाल्यामुळे थीब्जच्या राजाने आपले तान्हे मूल घोटे टोचून डोंगरावर टाकावयास दिले. धनगराला दया आली. मूल कॉरिंथच्या राजाकडे वाढले. मोठेपणी मेजवानीत एका झिंगलेल्या माणसाने ‘तू या घरचा नव्हेस’ असे हिणविले, तेव्हा ईडिपस डेल्फीला देवाचा कौल घेण्यास गेला. तेथे त्याला कळले ते असे, की तू पित्याचा वध करशील आणि मातेशी विवाह करशील. ज्यांना तो आईबाप समजत होता त्यांच्यापासून दूर जाण्यासाठी त्याने कॉरिंथकडे पाठ फिरविली. वाटेत तिवाट्यावर रथातील एका वृद्धाशी वाटेवरून बाचाबाची झाली, वृद्धाने मारले, ईडिपसने त्याला ठार केले. पुढे थीब्जच्या वेशीवरील स्फिंक्स राक्षसिणीचे कोडे सोडवून त्याने नगर वाचविले, आणि मोकळे झालेले सिंहासन व विधवा राणी दोन्ही त्याच्या पदरी पडली.

ही सर्व कथा पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेली आहे, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. प्रेक्षकांपुढे घडते ते वेगळेच. नगरात रोग आहे. पूर्वीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय तो हटणार नाही असा कौल आला आहे. आणि ईडिपस राजा त्या खुनाचा तपास करीत आहे. तपास करणारा आणि गुन्हेगार एकच. आंधळा द्रष्टा टायरेसियस त्याला परोपरीने सांगतो, हे विचारू नकोस. राणी जोकास्टा, तिला सत्याचा सुगावा लागताच, हात जोडून विनविते, आता पुरे. तो जुना धनगर गयावया करतो. प्रत्येक वेळी दार उघडे असते. ईडिपसने ‘बरे, राहू द्या’ एवढे म्हटले तरी तो राजा म्हणून मरता. तो म्हणत नाही. स्फिंक्सचे कोडे ज्या बुद्धीने सोडविले, अर्धवट उत्तराने समाधान न मानणाऱ्या ज्या स्वभावाने त्याला सिंहासनावर बसविले, तोच स्वभाव त्याला शेवटच्या प्रश्नापर्यंत ओढीत नेतो.

हे सर्व नशिबाचे खेळ होते, मग बिचाऱ्याने काय करावे, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. प्रारब्धाची कल्पना आपल्या हाडीमाशी भिनलेली असल्यामुळे तो सहज सुचतो. त्याला उत्तर नाटकातच आहे. भाकीत होते ते पितृवधाचे आणि त्या विवाहाचे. ईडिपसने शोध करून सत्य उघड्यावर आणावे असे कोणत्याच देवाने भाकीत केले नव्हते. आणि जोकास्टेने गळफास घेतल्यावर तिच्या वस्त्राचे सोन्याचे काटे काढून त्याने स्वतःचे डोळे फोडले, तेही कोणी सांगितले नव्हते. दुःख अपोलो देवाने आणले, पण घाव घालणारा हात माझाच, असे तो वृंदापुढे स्पष्ट कबूल करतो. जे देवाने केले आणि जे आपण केले यांतली रेघ तो आंधळा झाल्यावर ओढतो.

सॉफोक्लीसच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी जन्मलेल्या ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’त या नायकाचे लक्षण बांधले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ईडिपसच प्रामुख्याने होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. अगदी निर्दोष माणूस वैभवातून दुःखात पडलेला दाखविला तर प्रेक्षकाला किळस येते. दुष्ट माणूस पडलेला दाखविला तर न्याय झाल्याचे समाधान मिळते. पण करुणा वाटत नाही, भीतीही वाटत नाही. उरतो तो या दोहोंच्या मधला: सद्गुणांचा पुतळा नव्हे, दुर्जनही नव्हे, मोठ्या लौकिकाचा, आणि दुष्टपणामुळे नव्हे तर एका ‘हमार्तिया’मुळे पडणारा. या एका शब्दावर दोन हजारांहून अधिक वर्षे शाई खर्ची पडली आहे. धनुर्धराचा बाण लक्ष्यावर न लागता बाजूला जावा, त्या क्रियेपासून हा शब्द निघाला. मराठीत त्याला सरळ ‘नेम चुकणे’ म्हणता येते. ज्याचा नेम चुकतो त्याने बाण मारलेला असतो, आणि तो चांगल्या हेतूने व सर्व बळ एकवटून मारलेला असू शकतो.

पुढे शेक्सपीअरची नाटके शिकविणाऱ्या इंग्रज अध्यापकांच्या परंपरेत या शब्दाचा अर्थ ‘स्वभावातला दोष’ असा रूढ झाला. तेथून तो आपल्या शाळा-कॉलेजांत आला आणि परीक्षेच्या उत्तरांत घट्ट बसला. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे दीर्घसूत्रीपणा. एका नायकापुढे एक दुर्गुण लिहिला की पाच गुण पदरात. मुलांचा यात दोष नाही. पण हीच फूटपट्टी घेऊन सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’पाशी गेले म्हणजे पंचाईत होते. रणात पडलेल्या भावाचे प्रेत पुरावयाचे नाही अशी राजाज्ञा आहे, आणि बहीण ती मोडून त्याच्यावर मूठभर माती टाकते. तिचा दोष कोणता? भावावरचे प्रेम? धर्मबुद्धी? तिच्या स्वभावात जे सर्वांत उंच आहे त्यानेच ती मरते. याच नाटकातील क्रेऑन राजाही राज्याची शिस्त राखावयास निघतो आणि मुलगा व बायको गमावून बसतो. गुण आणि चूक ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखी जेथे चिकटलेली असतात, एकीला हात लावला की दुसरी उचलली जाते, तेथे शोकनायक जन्मतो.

आता आपल्याकडे पाहावे. भरताच्या शास्त्रपरंपरेने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले. पण पडणारा नायक हा प्रकार त्या यादीत नाही, आणि प्रधान नायकाचा वध रंगभूमीवर दाखवू नये असा तर दंडकच होता. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांडी मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, आणि मरणापूर्वी त्याच्या वैराचा निखारा विझलेला दिसतो. परंतु भासाची नाटके त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटककारांना त्यांची गंधवार्ताही असण्याचा संभव नव्हता. महाभारतातील कर्ण मात्र सर्वांच्या परिचयाचा होता. दानाचे व्रत मोडावयाचे नाही म्हणून कवचकुंडले काढून देणारा हा वीर ॲरिस्टॉटलच्या लक्षणात जितका चपखल बसतो तितका आपला दुसरा कोणी बसत नाही. त्याच्यावरचे शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ मात्र १९५३ सालचे आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्या प्रकारच्या नाटकांत गणपती, सरस्वती, राक्षस यांची जी सोंगे येत त्यांचे बोहाड्याशी जवळचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. राक्षस आरडाओरड करीत येई आणि मारला जाई. त्याच्यावाचून नाटकाला रंग नसे. पुढे १८६१ मध्ये, म्हणजे पानिपताला बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली, विनायक जनार्दन कीर्तने या तरुणाने ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. त्यात नायकाचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन दाखविले आहे. शास्त्राची मर्यादा ओलांडण्याचे हे धैर्य लहान नव्हते, आणि त्याबद्दल कीर्तने यांचे नाव मराठी नाटकाच्या इतिहासात सदैव राहील. परंतु थोरले माधवराव हे शोकनायक आहेत काय? सत्ताविसाव्या वर्षी, १७७२ च्या नोव्हेंबरात, थेऊर येथे क्षयाने ते निवर्तले. राज्याची याहून मोठी हानी झाली नसेल. पण क्षय हा बाहेरून आलेला वैरी आहे. माधवरावांच्या कोणत्याही कृतीने तो ओढवून घेतलेला नव्हता. प्रेक्षक हळहळतो, ती हळहळ अगदी खरी असते. फ्रिनिकसच्या नाटकात अथेन्सकर रडले त्याच जातीची ती आहे. पेशवाईच्या इतिहासात ग्रीक कवीने शोधून काढला असता तो नायक दुसराच: १७५८ मध्ये अटकेपर्यंत मजल मारणारा आणि १७७३ मध्ये पुतण्याच्या खुनाचा डाग अंगावर घेणारा राघोबादादा. खाडिलकरांना हे दिसले होते, असे त्यांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’वरून वाटते, मात्र तेथे रामशास्त्र्यांचे तेज इतके प्रखर पडले आहे, की दादासाहेबांच्या अंतरंगाला सावलीतच राहावे लागले.

इतिहासात पडलेला माणूस आणि नाटकात पडणारा नायक यांतले अंतर किती असते याचे उदाहरण आरंभी ज्या हरसुलाचा उल्लेख आला त्याच मुलखात आहे. कीर्तने यांच्या नाटकाच्या चारच वर्षे आधी, १८५७ च्या डिसेंबरात, त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि या उठावात हात असल्याच्या आरोपावरून पेठ संस्थानचे वारस म्हणविणारे भगवंतराव यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्यांच्याबरोबर त्यांचे अनुयायीही फासावर गेले. सरकारच्या लेखी ते बंडखोर. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने हुतात्मे. पण शोकनायक म्हणावयाचे तर या दोहोंहून वेगळेच काही कळावे लागेल. उठावात पडावयाचे की गप्प राहावयाचे, ही निवड त्यांच्यापुढे कोणत्या रात्री उभी राहिली. हक्क गेल्याचा सल मोठा की हाताखालच्या लोकांचे प्राण मोठे, याचा हिशेब त्यांनी कसा केला. दोर गळ्याभोवती येताना आपल्या कृतीकडे त्यांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिले. फाशी देणाऱ्यांच्या दप्तरात या गोष्टींना रकाना नसतो. कागद मृत्यू सांगतात, आणि नायक मृत्यूच्या अलीकडे असतो.

ग्रीक नायक मराठीत आला तो अथेन्सहून थेट आला नाही, इंग्लंडच्या वाटेने आला. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. देवलांचा ‘झुंझारराव’, म्हणजे मराठी वेषातला ऑथेल्लो, १८९० चा. शाहूनगरवासी मंडळीतील गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटने तर एक पिढी भारून टाकली. खाडिलकरांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात शनिवारवाड्यात हॅम्लेटची छाया आणून बसविली. ही सर्व थोर कामगिरी आहे. तथापि घरच्या मातीतला, घरच्या भाषेत चुकणारा आणि घरच्यासारखा ओळखीचा नायक अजून यावयाचा होता.

तो ‘एकच प्याला’त आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि त्यानंतर महिना होण्याच्या आत, २० फेब्रुवारीस, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने नाटकाचा पहिला प्रयोग केला. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडस यांचा. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला इतके रडविले, की हे नाटक सिंधूचेच अशी समजूत दृढ झाली. (स्त्रीचे दुःख पुरुषाने वठवावे ही चाल अथेन्सचीच, अँटिगनी आणि मिडिया याही तेथे पुरुषांनीच मुखवटे चढवून साकारल्या.) परंतु सिंधू निर्दोष आहे, आणि निर्दोष व्यक्तीच्या छळाविषयी ॲरिस्टॉटलने काय म्हटले ते वर आलेच आहे. नाटकाचा कणा सुधाकर आहे.

सुधाकर दारूडा आहे म्हणून पडतो, असे वरवर पाहणारास वाटते. आणि मद्यपाननिषेधाच्या सभांनी या नाटकाचा उपयोग करून ती समजूत पक्की केली. मूळ संहिता नीट वाचावी. हा स्वतःच्या हिंमतीवर वर आलेला, तल्लख, मानी वकील आहे. कोणापुढे मान वाकवावयाची नाही हे त्याचे बळ. त्याच्यावाचून तो वकील झालाच नसता. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि त्या अपमानाचा दाह त्याला सोसवत नाही. दुसरा एखादा माणूस चार दिवस घरी बसला असता, बायकोजवळ कुरकुरला असता आणि पुन्हा कामाला लागला असता. सुधाकराला विसर हवा असतो, आणि तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. पुढे घर बुडू लागले तरी सिंधूने माहेरची मदत घेऊ नये म्हणून तो तिला शपथेने बांधतो, आणि ती दळण दळून संसार रेटते. मध्यंतरी तो खरोखरच दारू सोडतो. नोकरीसाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तेथे उपेक्षा होते आणि तो परततो तो पुन्हा प्याल्याकडे. प्रत्येक वळणावर त्याला ढकलते ती दारू नव्हे, त्याचा ताठ कणा. ईडिपसची बुद्धी, अँटिगनीची निष्ठा आणि सुधाकराचा स्वाभिमान यांची जात एकच.

शेवटही तपासून पाहण्याजोगा आहे. सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधू जखमी होते, आणि मरता मरता नवऱ्याला वाचविण्यासाठी ती खोटे बोलते. सुटकेचे दार उघडे आहे. सुधाकर त्यातून बाहेर पडत नाही. शेवटच्या प्याल्यात विष कालवून तो पितो. जोकास्टेच्या वस्त्राचे काटे आणि हा प्याला यांत दोन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि गडकऱ्यांनी सॉफोक्लीस समोर ठेवून हे लिहिले असे मानण्याचेही कारण नाही. माणसाच्या कृतीचा शेवटपर्यंत पाठलाग केला म्हणजे दोन कवी एकाच ठिकाणी पोहोचू शकतात. गडकऱ्यांच्या कोट्या आणि तळीरामाच्या मंडळाची लांबलचक थट्टा यांमुळे नाटकाचा तोल मधून मधून जातो, हे मात्र मान्य करावे लागते. ग्रीक कवीने हा विनोद वेगळा काढून दुसऱ्या दिवशीच्या प्रहसनासाठी ठेवला असता.

पुढच्या पिढीत नाशिकच्याच कविवर्य कुसुमाग्रजांनी, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी, ‘नटसम्राट’ लिहिले. २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागू यांनी त्यातील गणपतराव बेलवलकर प्रथम उभे केले. हातचे सर्वस्व मुलांना वाटून टाकण्याची कृती बेलवलकरांचीच आहे, आणि तिच्यामागचे औदार्य नटाला शोभणारेच आहे. मात्र पुढे त्यांच्या वाट्याला जे येते त्यात मुलांच्या निष्ठुरतेचा भाग इतका मोठा, की करुणा भरून येते आणि भीती मागे राहते. या बाबतीत सुधाकर अधिक ग्रीक आहे. ग्रीक मूळही याच काळात मराठी वाचकाच्या हाती येऊ लागले: गो. वि. करंदीकर यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ चे, पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ १९७९ चे.

एक प्रश्न मात्र ‘पर्शियन’पासून तसाच राहिला आहे. आपल्याला आपला झर्क्सीस दिसला काय? तो शोधावयास दूर जावे लागत नाही. १६८१ मध्ये उत्तर सोडून दक्षिणेस निघालेला औरंगजेब दिल्लीला कधीच परतला नाही. १६८६ मध्ये विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा क्रूरपणे वध करविला. येथे थांबून तह करावयास त्याला कोण अडवीत होते? परंतु ज्या चिकाटीने आणि स्वतःच्या सुखाकडे न पाहणाऱ्या ज्या कठोरपणाने त्याला तख्त मिळवून दिले, तीच चिकाटी त्याला एका गडावरून दुसऱ्या गडावर वार्धक्यात फिरवीत राहिली. खजिना आटला, फौज थकली, आणि ज्या राज्याचा नायनाट करावयाचा ते प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्याने उगवे. मुलांना लिहिलेली त्याची अखेरची म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत त्यांत आपल्या हातून काय झाले याची जाणीव आणि परलोकाची धास्ती उघड दिसते. क्रौर्य क्षमा करण्याचा येथे प्रश्नच नाही. एस्किलसनेही अथेन्स जाळल्याची क्षमा केली नव्हती. वसंत कानेटकरांनी १९६८ च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकात औरंगजेबाला संभाजी महाराजांच्या समोर मोठे स्थान दिले, आणि असुराचा मुखवटा बाजूस सारून त्यामागचा म्हातारा दाखविण्याच्या दिशेने पाऊल टाकले. पण ते नाटक न्याय्यपणे संभाजी महाराजांचे आहे. बादशहाचे शोकनाट्य लिहिणाऱ्याला त्याच्या छावणीत जाऊन बसावे लागेल, जसा एस्किलस राजमातेच्या महालात जाऊन बसला.

३ मार्च १७०७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, औरंगजेब अहमदनगर येथे वारला. खुलताबादेस दर्ग्याच्या आवारात त्याच्याच इच्छेप्रमाणे साधी मातीची कबर बांधली गेली. तिच्यावर छत नाही.